गिरजा भोईणीचं बियाणं

"गरिबाला उद्याची फिकीर नसते." हे वाक्य ज्याने पहिल्यांदा तोंडातून काढलं त्याला कोणीतरी माझ्यासमोर आणून उभा करावा. पन्नाशी उलटली आहे, गुडघे कुरकुरतात, पण एक थोबाडीत देण्याइतका जोर मनगटात अजून आहे. माळव्यातल्या आमच्या धारेत हे वाक्य मी कुठे ऐकलं नाही? वाचनालयात ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं, आणि मागच्या थंडीत इंदुराहून आलेल्या एका विद्वानाच्या व्याख्यानातही ऐकलं. त्यांचं म्हणणं असं की आपल्या लोकांचं दारिद्र्य हे मुळात सवयीचं दारिद्र्य आहे. माणसं राखून ठेवायला शिकली की भांडवल साठेल, आणि भांडवल साठलं की बाकीचं आपोआप सुधारेल. टाळ्या पडल्या. मी पुढच्या रांगेत बसलो होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे गिरजा भोईणीचं मडकं होतं.

त्या मडक्याची गोष्ट आजवर मी कोणाला सांगितली नाही. आता सांगतो.

गिरजाचा नवरा गणपत हा दरबारच्या पालखीचा भोई. यांचे वाडवडील पवारांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले, पालख्या वाहिल्या, पाणी भरलं, मासे धरले. पुढे बग्ग्या आल्या आणि पालखी दसऱ्यापुरती उरली. गणपतच्या उजव्या खांद्यावर लिंबाएवढा घट्टा होता, तो मात्र उरला. छप्पनच्या दुष्काळाआधी दोन वर्षं तो तापाने गेला. मागे राहिली गिरजा, सहा वर्षांची इंदू आणि तलावाचा एक कोपरा.

धारेला साडेबारा तलाव, असं आम्ही अभिमानाने सांगतो. त्यातल्या एका तलावाचा कोपरा भोयांच्या चारपाच घरांकडे वर्षाच्या खंडाने असे, आणि त्यात ते शिंगाडा लावत. मी सगळी हयात या गावात काढली, पण शिंगाडा कोणी लावतं हे मला बावीस वर्षांचा होईपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या घरी शिंगाडा म्हणजे उपासाचा जिन्नस. एकादशीला पिठाचा शिरा, शिवरात्रीला उकडून. उपासाचा जिन्नस वाण्याच्या दुकानातून येतो, एवढंच आमचं ज्ञान.

गिरजा आषाढात गळाभर पाण्यात उभी राहून एकेक वेल पायाच्या अंगठ्याने चिखलात दाबायची. दसऱ्यानंतर दोन पालथ्या घागरी बांबूला बांधून त्यावर तरंगत फळं खुडायची. शिंगाड्याला काटे असतात. तिची बोटं बाराही महिने फुटलेली असत. तिची बोली तिखट आणि माळव्याच्या वळणाची, 'नाही'ला 'नी', 'काय'ला 'कई'; आवाज मोठा, आणि दरबारच्या माणसालाही ती एकदा ऐकवून मग सलाम करणार. गणपत गेल्यावर दिराने कोपरा मागितला, तर ती म्हणाली होती, "पाण्यात उतरून घे. मी तिथंच उभी आहे."

मग छप्पनचं साल आलं. संवत एकोणीसशे छप्पन. पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल. भाद्रपदात तलावाला भेगा पडल्या. वेल चिखलावर करपले. गिरजाने आपल्या कोपऱ्यातला चिखल हाताने उपसून त्यातून जी जून, काळी, भरलेली फळं मिळाली ती वेचली. तीनेकशे असतील. ती तिने मडक्यात पाणी घालून ठेवली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण आम्ही ती समजून घेतली नाही. ज्वारीचं बी पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं की विसरता येतं. शिंगाड्याचं बी वाळलं की मेलं. ते पाण्यातच राखावं लागतं, आणि ते पाणी दोनतीन दिवसांनी बदलावं लागतं, नाहीतर कुजतं. म्हणजे ज्या वर्षी माणसाला प्यायला पाणी नव्हतं त्या वर्षी ही बाई एका मडक्याला पाणी पाजत होती.

मार्गशीर्षात तिरला गावाच्या वाटेवर दुष्काळी काम निघालं. रस्त्याची खडी फोडायची. मजूर तिथेच झोपड्या घालून राहत; गिरजाही इंदूला आणि मडक्याला घेऊन आली. मी तिथे कारकून. नुकता लागलेला, पागोट्याला नवी घडी, अक्षर मोत्यासारखं. मला घरचे बापू म्हणत, मजूर बापूसाहेब. आमच्यावर मुख्य म्हणून यशवंतराव होते. मूळचे देवासचे, चाळिशीतले, स्नानसंध्येचे पक्के, आणि खरं सांगायचं तर दुष्ट मुळीच नव्हते. दुष्ट असते तर ही गोष्ट मला इतकी बोचली नसती. त्यांनी स्वतःच्या खर्चाने दोन पोरक्या पोरांना कपडे केले होते. पण वरून आलेला नियम म्हणजे त्यांना वेदवाक्य.

नियम असा होता की काम फक्त त्याला, ज्याच्याजवळ खाण्याचं काही नाही. ज्याच्या झोपडीत दाणा सापडेल त्याचा कामाचा बिल्ला काढून घ्यायचा, दाणा जमा करायचा, आणि आठ दिवस त्याला कामावर घ्यायचं नाही. का, तर खोटे गरीब घुसतात आणि खऱ्यांच्या तोंडचा घास जातो. ऐकायला किती न्यायाचं वाटतं! फक्त एक सवलत होती: कुणब्याने पुढच्या पेरणीसाठी राखलेलं बियाणं असेल आणि जमीन त्याच्या नावावर असेल, तर ते बियाणं खाण्यात धरायचं नाही.

पाणी बैलगाडीवरून पिंपातून यायचं. माणशी दिवसाला दोन तांबे. गिरजा आपल्यातला एक तांबा मडक्यात ओतायची. मडक्यातलं जुनं पाणी फडक्यातून गाळून ती आणि इंदू प्यायच्या. हे मी स्वतः पाहिलं आहे. पाहून मला वाटलं, काय गलिच्छ बाई आहे.

शिवरात्रीच्या दोन दिवस आधी झडती निघाली. झोपड्यांची रांग माझ्याकडे आली. गिरजाच्या झोपडीत गोणपाटाखाली मडकं. मी काठीने गोणपाट सारला. आत काळे, शिंगांचे शिंगाडे, आणि काहींना पांढरे कोंब फुटलेले.

"हे काय, गिरजे?"

"बी आहे, बापूसाहेब."

"शिंगाडे आहेत हे. खायचे."

"खायचे नी ते. बी आहे." ती मडक्यापुढे बसली. "कोंब दिसत नाहीत का? खायचं असतं तर पोरीला नसतं दिलं? तिच्या बरगड्या मोजून घ्या, मग सांगा."

इंदू दारात उभी होती. मोजायची गरज नव्हती.

माझं डोकं तडकलं. आज त्या रागाची लाज वाटते, पण तेव्हा तो मला धर्माचा राग वाटला होता. मी म्हणालो, "पोर उपाशी मरते आहे आणि तू जिन्नस लपवून ठेवतेस? आई आहेस की कोण?"

ती ओरडली नाही. तिचा आवाज मी पहिल्यांदाच खाली आलेला ऐकला. "हे खाल्लं तर आम्ही चार दिवस खाऊ, बापूसाहेब. पाचव्या दिवशी परत तुमच्याच दारी. हे लावलं तर मी कुणाच्या दारी नी येणार. यंदा साऱ्या धारेत बी उरलं नाही. लोकांनी उकडून खाल्लं. माझ्याजवळ आहे. पाऊस आला की ज्याच्याजवळ बी, त्याचा तलाव. पोरीला मी कई उगाच उपाशी ठेवली का?"

आता सांगा, इंदूरच्या त्या विद्वानांनी दोन तास जे सांगितलं ते या अक्षरशत्रू बाईने एका दमात सांगितलं की नाही? राखून ठेवणं सांगितलं, भांडवल सांगितलं, उद्या सांगितला. आणि मला ते कळलंही. मी मूर्ख नव्हतो. मी मडकं उचलून यशवंतरावांच्या तंबूत नेलं आणि म्हणालो, "ही बियाणं म्हणते आहे."

"जमीन आहे तिच्या नावावर?"

"तलावाचा कोपरा आहे. खंडाने."

"अहो, तलाव म्हणजे जमीन का? पाणी ते." यशवंतराव हसले. रागावून नव्हे, पोराला समजावताना हसतात तसे. "ज्याला शेत नाही त्याचं बियाणं कुठून येणार, बापू? आणि शिंगाड्याचं बी असतं हे आजच ऐकतोय. लिहा, खाण्याचा जिन्नस, मडकं एक."

मी लिहिलं. माझं अक्षर मोत्यासारखं होतंच.

जमा झालेला जिन्नस गरीबखान्याच्या भटारखान्यात जायचा. पण यशवंतराव मडक्याकडे बघत थांबले आणि म्हणाले, "परवा शिवरात्र. बाजारात शिंगाडा औषधालाही नाही. याची जी काय किंमत होईल ती मी माझ्याकडून गरीबखान्यात ज्वारी देऊन भरतो. आपल्या मंडळींचा फराळ होईल." आणि भरली हो त्यांनी! दुसऱ्या दिवशी चार शेर ज्वारी तोलून दिली. कुठे कणभर लबाडी नाही. या प्रामाणिकपणावरच माझा सगळ्यात जास्त राग आहे. चोर असते तर शिव्या देता आल्या असत्या.

शिवरात्रीला आमचा आचारी, तिथलाच माळव्यातला माणूस, मडकं रिकामं करताना ओरडला, "अरे भिया, ये तो ऊगी गया!" मग त्याने पाटावर बसून एकेक कोंब नखाने खुडला आणि शिंगाडे मोठ्या पातेल्यात उकडले. आम्ही सहाजण होतो. बाहेर आठशे माणसं खडी फोडत होती, आणि आम्ही आत बसून उपास करत होतो. कशाचा उपास? कोणासाठी? महादेवाने तरी त्या दिवशी कोणाकडे पाहिलं असेल?

चव बरी होती. जरा मातकट. मी आठ खाल्ले.

दुसऱ्या दिवशी गिरजा तंबूशी आली. मला वाटलं आता तळतळाट होणार. ती म्हणाली, "मडकं माझं आहे. मडकं खाण्याचा जिन्नस नी. ते द्या." मी दिलं. तंबूमागे राखेच्या ढिगाशी आचाऱ्याने कोंब टाकले होते. ती खाली बसली आणि एकेक कोंब राखेतून वेचून मडक्यात घालू लागली. मी म्हणालो, "बाई, त्याचं आता काही व्हायचं नाही." तिने मान वर केली नाही. "माहीत आहे," म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत राखेत नकोत." चौथ्या दिवशी ते काळे पडले, तेव्हा तिने ते कुठेतरी नेऊन पुरले, असं मी ऐकलं.

बिल्ला गेल्यावर ते आठ दिवस मायलेकी कशा जगल्या, मला ठाऊक नाही. शेजारच्या झोपड्यांनी भाकरीचे तुकडे दिले असतील. नियमाप्रमाणे तोही गुन्हाच होता. नवव्या दिवशी ती परत कामावर आली, हातोडी घेतली आणि फोडायला बसली.

पुढचं मला बारा वर्षांनी तिच्याच तोंडून कळलं. ज्येष्ठात, पाऊस यायच्या तोंडावर, तिने तेच मडकं डोक्यावर घेतलं, इंदूचा हात धरला आणि देवासची वाट धरली. पायी, इंदुरावरून, सहा दिवस. देवासला गणपतचा चुलतभाऊ होता, आणि त्याने एका बावडीत शिंगाड्याचे वेल जिवंत राखले आहेत असा तिला वास लागला होता. वास खरा होता. बावडीत उतरून तिने हिरवीगार पानं पाहिली. म्हणाली, "बापूसाहेब, मला रडू आलं हो. नवरा मेला तेव्हाही इतकं नी आलं."

चुलतदिराने नाही म्हटलं नाही. मडकंभर वेल देतो म्हणाला. वर पुढच्या वर्षी हवे तेवढे देतो म्हणाला. फक्त इंदू आमच्याकडे राहू दे. त्याच्या धाकट्या भावाची बायको दुष्काळात मेली होती, त्याचं वय तीस. इंदू नऊ वर्षांची. आमच्याकडेच कुठे वेगळं होतं तेव्हा? मोठमोठ्या घरांत नवव्या वर्षी लग्नं लागत. गिरजाने होकार दिला असता तर जातीत कोणी बोटही दाखवलं नसतं. तलावाचा कोपरा तिचाच राहिला असता, आणि पोरीच्या पोटाला अन्न मिळालं असतं.

"मग?" मी विचारलं.

"मग कई? मी मडकं उचललं. बी मी कुणासाठी राखलं होतं? तिच्यासाठी. पोर देऊन बी आणायचं, तर ते बी लावायचं कुणासाठी?"

रिकामं मडकं घेऊन ती परत आली. धारेच्या वेशीवर ती पोचली आणि नेमका पाऊस लागला. काय पाऊस होता त्या वर्षी! तलाव काठोकाठ भरले. लोक काठावर नाचले, आम्ही देवळात अभिषेक केले. गिरजाचा कोपरा छातीभर पाण्याने भरला आणि तिच्याजवळ त्यात टाकायला एक कोंब नव्हता.

भोयांपैकी कोणाजवळच नव्हता. मग बाहेरगावचा एक व्यापारी पुढे आला. त्याने कुठूनतरी रेल्वेने आणि पुढे बैलगाड्यांनी ओल्या पोत्यांत वेल आणवले आणि सगळा तलावच ठेक्याने घेतला. त्या दसऱ्याला शिंगाडा कधी नव्हे इतका महाग गेला. एका हंगामात त्याचा खर्च निघाला, दुसऱ्यात त्याने आणखी दोन तलाव घेतले. कोपऱ्याने खंड देण्याची रीत तेव्हापासून बंद झाली; एकाच ठेकेदाराशी व्यवहार सोपा पडतो. आयत्या बिळावर नागोबा म्हणायचं, पण त्या नागोबाला तरी काय बोलावं? बीळ आम्ही रिकामं करून दिलं होतं. पुढे वाचनालयात त्याचा उद्योगी पुरुष म्हणून सत्कार झाला. पाणी तेच, चिखल तोच, घागरींवर तरंगणारी माणसंही तीच. गिरजा आता रोजावर शिंगाडे खुडू लागली, ज्या कोपऱ्यात तिचे वेल होते त्याच कोपऱ्यात. तिच्यात आणि त्या उद्योगी पुरुषात एका मडक्याचं अंतर होतं. ते मडकं मी उचललं होतं.

बारा वर्षं गेली. मी कचेरीत बढतीवर होतो. तेव्हा एक पाहणी निघाली: मोलमजुरी करणाऱ्या लोकांची स्थिती आणि सवयी. छापील कागद आले. घरात माणसं किती, धंदा काय, व्यसन आहे काय. शेवटचा रकाना असा: पुढच्यासाठी राखून ठेवण्याची सवय आहे किंवा नाही. भोयांची गल्ली माझ्याकडे आली. मी टाळू शकलो असतो, पण टाळलं नाही. कदाचित तिला भेटायचंच असेल.

गिरजाचे केस पिकले होते. बोटं तशीच फुटलेली. इंदूचं लग्न झालं होतं, नवरा तिने स्वतः पसंत केला होता. इंदू कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात जायची आणि रुईच्या धुळीने खोकायची. दाराशी तेच मडकं होतं, पाण्याचं. मी कागद काढला आणि एकेक प्रश्न विचारला. ती नीट उत्तरं देत होती. शेवटचा रकाना आला. तोही मी वाचला.

 मग देवासची सगळी हकिकत तिने सांगितली, जी मी वर लिहिली आहे. आणि म्हणाली, "सवय होती, बापूसाहेब. तुम्ही शिवरात्रीला खाल्ली. आता काय लिहायचं ते तुम्ही लिहा, तुमचं अक्षर चांगलं आहे."

मी तिथेच, तिच्यासमोर, रकान्यात "आहे" असं लिहिलं. मला वाटलं, फिटलं काहीतरी.

कचेरीत कागद तपासायला दत्तोपंत होते. शांत, कामसू, पुढे रिटायर झाल्यावर गीतेवर प्रवचनं करणारे. त्यांनी त्या गल्लीचे चाळीस कागद पाहिले आणि माझा एक बाजूला काढला. "बापू, एकोणचाळीस 'नाही' आणि हा एक 'आहे'? रोजावर जगणारी भोईण. राखून ठेवते याला पुरावा काय?"

पुरावा! पुरावा यशवंतरावांच्या पोटात गेला होता, आचाऱ्याच्या राखेत गेला होता, माझ्या पोटात आठ गेले होते. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. दत्तोपंत काही मला खाणार नव्हते. फार तर हसले असते. फार तर बढती अडली असती.

मी म्हणालो, "पुरावा नाही." मग नवा कागद घेतला, गिरजाचं नाव लिहिलं आणि शेवटच्या रकान्यात चांगल्या अक्षरात "नाही" असं लिहिलं.